सूनबाईचा निळा नाडा

खोक्यात एक नेटवर्कचा स्विच होता, एक विजेची वायर, स्विच पक्का बसवायचे दोन लोखंडी कान, आठ स्क्रू, चार रबरी पाय, एक चपटी फिकट निळी वायर आणि बारा भाषांतली एक पुस्तिका. बारांत मराठी नव्हती. खोक्याच्या झाकणावर मांजराचे पांढरे केस होते. ते मी मोजले नाहीत.

“आलं ना सगळं नीट?” खोका आणून देणाऱ्या विक्रांतदादांनी विचारलं.

“आलं. पण काल यायला हवं होतं.”

“ट्रान्सपोर्टवाले, मॅडम. सणाचे दिवस. आपण काय करणार?”

याला आता बरीच वर्षं झाली. मी भौतिकशास्त्रात पदवी घेऊन सांगलीतल्या एका छोट्या नेटवर्क कंपनीत लागले होते आणि मला बिलं टाईप करायला बसवलं होतं. पुष्कळ भुणभुण केल्यावर आमच्या हिरेमठ सरांनी मला पहिल्यांदा एकटीला बाहेर पाठवलं, ते येरळा नदीकाठच्या एका दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर. “जमलं तर यापुढे बाहेरची कामं तुझी,” ते म्हणाले होते. “नाही जमलं तर, मगदूम, बिलं आहेतच.”

काम असं होतं. आसपासच्या गावांतून कॅन यायचे, काट्यावर वजन व्हायचं, शेजारच्या प्रयोगशाळेत फॅट लागायची आणि आकडे कॉम्प्युटरवर जायचे. हे सगळं जोडणारा डबा विक्रांतदादांनी बसवलेला होता. त्यांचं गावात कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि ते संघाचे चेअरमन आबासाहेब यांचे पुतणे होते. त्या डब्यात ऑफिसची आणि काट्यांची वाट एकच होती. ऑफिसात कुणी गाणी लावली की काट्याचे आकडे अडकायचे आणि कॅनवाल्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. म्हणून संघाने नवा स्विच मागवला होता. त्यात दोन वाटा वेगळ्या करता येतात. पण तशा त्या आपोआप होत नाहीत. कोरा स्विच स्वतःचं नाव, पत्ता काहीही जाणत नाही, त्यामुळे नेटवर्कवरून त्याला हाकही मारता येत नाही. पहिल्या वेळी त्याच्या पाठीमागच्या एका खास भोकात ती निळी वायर घालायची, दुसरं टोक लॅपटॉपला लावायचं आणि त्याच्याशी समोरासमोर बोलून सगळं शिकवायचं. एकदा शिकला की वायर काढून घ्यायची.

दसऱ्याला सकाळी आबासाहेब उद्घाटन करणार होते. आज खंडेनवमी होती. माझ्या हिशेबाने दिवस पुरेसा होता.

मी स्विच टेबलावर ठेवला, वळवून त्याची पाठ पाहिली आणि निळी वायर उलगडली. तेवढ्यात दोन हात पुढे आले आणि स्विच उचलून घेऊन गेले.

“हे नवं यंत्र व्हय? द्या हिकडं. पाटावर मांडतो.”

हे धोंडीअण्णा भोकरे. केंद्राचा कंप्रेसर सांभाळायचे आणि दरवर्षीची यंत्रांची पूजाही तेच करायचे. वजनकाट्याच्या खोलीत त्यांनी लांब पाट मांडून ठेवला होता. त्यावर पाने, पक्कड, थर्मामीटर, दोन जुने काटे, एक हातपंप. त्यात त्यांनी माझा स्विच ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच्या कपाळाला, म्हणजे जिथे कंपनीचं नाव होतं तिथे, हळदकुंकू लावलं.

“अण्णा, मला त्याच्यावर थोडं काम करायचंय.”

“उद्या.”

“उद्या सकाळी उद्घाटन आहे.”

“मग उद्घाटन झाल्यावर.”

“काम झाल्याशिवाय उद्घाटन कसलं करणार?”

“मॅडम, नवमीला हळदकुंकू लागलं की यंत्राला हात लावायचा न्हाय. दसऱ्याला उठवायचं.”

“कंप्रेसर तर चालू आहे.”

“त्याची सकाळीच माफी मागितली. दूध नासंल, म्हणून. जुनं मानूस हाय ते, समजून घेतंय. ही नवी सून. आल्याआल्या चुलीपाशी बसवायची का तिला?”

विक्रांतदादा दाराला टेकून उभे होते. “बरोबर आहे अण्णांचं,” ते फार गंभीरपणे म्हणाले. “रीत म्हणजे रीत. काकांना तर अजिबात चालणार नाही. आणि काही अडलंच मॅडम, तर माझ्याकडे साधा डबा पडलाय. नुसत्या पिना घातल्या की चालू. उद्या पिशवीतून घेऊनच येतो.”

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मी आबासाहेबांना काय सांगू?”

“होईल म्हणून सांगा,” मी म्हणाले. कसं, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

प्रयोगशाळेत शकीलादीदी झेंडूचे हार ओवत बसल्या होत्या. शकीला मुल्ला, दुधाची फॅट काढणाऱ्या. नवमीचे हार दरवर्षी त्याच करायच्या, कारण, त्यांच्याच शब्दांत, बाकीच्यांनी केलेले हार आरतीच्या आधी तुटतात.

“चेहरा का उतरला?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सुई थांबवली.

“कुठला खोका? पांढरा, कोपऱ्यात निळा पट्टा?”

“हो.”

“तो परवापासून विक्रांतच्या दुकानात आहे. मी मोबाईलला काच बसवायला गेले होते. त्याच्यावर त्यांचं मांजर झोपलं होतं.”

मी माझ्या काळ्या कुर्त्याकडे पाहिलं. पांढरे केस बाहीला चिकटलेले होते.

“आबासाहेबांना सांगू?”

“काय सांगणार? मांजराचं?” त्या हसल्या. “तो पुतण्या आहे, तू वायरवाली आहेस. काही दुसरं बघ.”

दुसरं काय, ते पाहायला मी उभी राहिले. प्रयोगशाळा आणि काट्याची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक लहान खिडकी होती. दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या त्यातून इकडे यायच्या. खिडकीच्या पलीकडे, थोड्या अंतरावर, पाट. मी खिडकीतून हात घालून वितीने अंतर मोजलं. निळी वायर खिडकीपर्यंत येत होती, पण स्विचचं तोंड उत्तरेकडे होतं आणि ते भोक पाठीमागे, दक्षिणेला. खिडकी पश्चिमेला होती. वळसा घालून जायला वायर दोन विती कमी पडत होती.

“दीदी, हार कोण घालतं?”

“मीच.”

“म्हणजे हार घालणाऱ्याने हात लावला तर चालतो?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग निळ्या वायरीकडे, मग झेंडूच्या ढिगाकडे. “हार जरा जाड करावा लागेल,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना कागदावर स्विचची पाठ काढून दाखवली. हे भोक नाही, हेही नाही, ज्याच्याभोवती निळी चौकट आहे ते. पिन घातली की टक् आवाज आला पाहिजे.

“टक् म्हणजे, बाटलीच्या झाकणासारखा?”

“त्याहून थोडा बारीक.”

“कळलं. पण वायर कमी पडते म्हणालीस ना?”

“पडते. त्याचं काय करायचं ते अजून सुचलं नाही.”

सुचायची गरज पडली नाही. पूजेला माणसं जमायला लागली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, तर पाट फिरवलेला होता. सगळी यंत्रं पूर्वेकडे तोंड करून बसली होती आणि माझ्या स्विचची पाठ बरोबर खिडकीसमोर होती.

“गेल्या वर्षी तर उत्तरेकडे होती,” दीदी हार उचलताना पुटपुटल्या.

नशीब एवढं चांगलं असेल तर आणखी थोडं ताणून पाहायला हरकत नव्हती. मी दारात जाऊन म्हणाले, “अण्णा, नवीन यंत्राला स्वतःचे दिवे आहेत. विजेची वायर लावली की लागतात. पूजेला शोभा येईल.”

“हे कामाला लावणं झालं,” विक्रांतदादा लगेच म्हणाले.

अण्णांनी विचार केला. “मोटारसायकलची पूजा करताना हॉर्न वाजवतोस का न्हाय?”

“वाजवतो.”

“मग?” आणि त्यांनी स्वतःच वायर लावून भिंतीवरचं बटण दाबलं. स्विच घरघरला आणि त्याचे दिवे एकेक करून लागले. जमलेल्या माणसांनी कौतुकाने मान डोलावली. त्याच्या पंख्याच्या वाऱ्याने निरांजन विझलं. अण्णांनी ते सरकवून पुन्हा लावलं, पुन्हा विझलं.

“अपशकुन,” विक्रांतदादा म्हणाले.

“पंखा,” अण्णा म्हणाले आणि निरांजन पाटाच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

मी प्रयोगशाळेत जाऊन लॅपटॉप उघडून बसले. शकीलादीदी हार घेऊन पाटापाशी वाकल्या. हार खरोखरच जाड होता. त्याच्या पोटातून निळी वायर खिडकीत आली आणि माझ्या हातात पडली. टक् आवाज मला ऐकू आला नाही, कारण नेमक्या त्याच वेळी अण्णांनी घंटा वाजवली. पहिली आरती सुरू झाली.

मी लॅपटॉपवरची एंटरची की दाबली. पडद्यावर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि कुठल्याही भाषेत नसलेली अक्षरं उमटली. मी पुन्हा दाबली. आणखी चौकोन.

वायर नीट बसली नसती तर काहीच आलं नसतं. काहीतरी येतंय, म्हणजे तो बोलतोय आणि मला समजत नाही. एकाने भरभर बोलावं आणि दुसऱ्याने सावकाश ऐकावं तसं झालं होतं. मी बोलण्याचा वेग तपासला. आमच्या सांगलीच्या ऑफिसात कुणीतरी दुसऱ्या कामासाठी तो खूप चढवून ठेवला होता. मी तो सेकंदाला नऊ हजार सहाशे बिटवर आणला आणि की दाबली. स्वच्छ इंग्रजीत प्रश्न आला, सुरुवातीची मांडणी करायची आहे का?

पलीकडे गणपतीची आरती संपत आली होती.

काटे एका वाटेला, ऑफिस दुसऱ्या. चोवीस जागांपैकी कुठली कुणाची, ते मी आधीच कागदावर मांडून आणलं होतं. पण टाईप करताना एक जागा चुकली की आबासाहेबांच्या कॉम्प्युटरवर म्हशीचं वजन लागेल अशी मला उगाच भीती वाटत होती. मी सावकाश लिहीत होते. देवीची आरती संपली. खिडकीतून शकीलादीदींनी भुवया उंचावल्या. मी मान हलवली, नाही. त्यांनी अण्णांकडे बघून मान हलवली.

“आता शंकराची,” अण्णा म्हणाले.

शंकराची झाली, दत्ताची झाली, विठ्ठलाची झाली. टाळ्या वाजवणाऱ्यांचा जोर कमी झाला. विक्रांतदादा मोबाईलवर चित्रण करत होते, त्यांनी हात बदलला.

“अण्णा, दरवर्षी तीनच असतात ना?” त्यांनी विचारलं.

“दरवर्षी नवं यंत्र येतं का?” अण्णांनी मारुतीची सुरू केली.

मी आता नावाच्या ओळीपाशी आले होते. कागदावर नाव लिहायचं राहून गेलं होतं. मी रोमन अक्षरांत ‘सूनबाई’ असं टाईप केलं. स्विचने ते मुकाट्याने स्वीकारलं आणि पुढच्या ओळीपासून स्वतःला सूनबाई म्हणवून घेऊ लागला.

तेवढ्यात मोबाईल झूम करत करत विक्रांतदादांचा हात थांबला. मी खिडकीच्या कडेआडून पाहत होते.

“हे निळं काय आहे हारात?”

शकीलादीदींनी पदर सावरला. विक्रांतदादा वाकले आणि त्यांनी दोन बोटं हाराकडे नेली. एक हिसका बसला असता तर पिन निघाली असती.

“विक्रांत.” अण्णांनी आरती तोडली नाही, दोन ओळींच्या मधल्या जागेत बोलले. “हात लावायचा न्हाय.”

“पण ते आहे काय?”

“नाडा.”

“निळा?”

“नव्या यंत्राचा नाडा.” आणि त्यांनी पुढची ओळ उचलली.

सगळी माणसं विक्रांतदादांकडे पाहत होती. सकाळी रीत म्हणजे रीत म्हणणारे तेच होते. त्यांनी बोटं मागे घेतली.

मग मात्र ते नुसते बघत राहिले. हार, खिडकी, पुन्हा हार. त्यांना समजलं होतं, हे मला समजलं. माझं एकच काम उरलं होतं. स्विचला शिकवलेलं सगळं अजून त्याच्या तात्पुरत्या आठवणीत होतं. ते पक्कं जतन करायचा हुकूम दिला नाही, तर वीज जाताच तो सगळं विसरून पुन्हा कोरा होतो. मी तो हुकूम टाईप करायला घेतला.

“आता यंत्र झोपू दे की,” विक्रांतदादा म्हणाले. “उद्यापर्यंत काम नाही ना त्याला?”

“हात लावू नको,” अण्णा म्हणाले.

“यंत्राला नाही लावत.” आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

मी एंटर दाबलं होतं. पडद्यावर ‘जतन करत आहे’ अशा अर्थाची ओळ आली होती. तिच्यानंतर ‘झालं’ असं यायला हवं होतं. ते यायच्या आधी सगळं थांबलं. म्हणजे आतल्या आत झालं होतं की नव्हतं, हे कळायला काहीही मार्ग नव्हता. पलीकडे अण्णा प्रसाद वाटू लागले. विक्रांतदादांनी खिडकीतून आत डोकावून मला पेढा दिला.

“घ्या मॅडम. गोड करा तोंड.”

“थँक्यू,” मी म्हणाले. पेढा चांगला होता.

बटण पुन्हा लावणं शक्य नव्हतं. अण्णांनी प्रथेप्रमाणे खोलीला कडी घातली. दूध त्या संध्याकाळी बाहेरच्या काट्यावर घेतलं गेलं, आकडे हाताने लिहिले गेले. मी शकीलादीदींच्या घरी मुक्काम केला आणि त्यांच्या मुलीचे भौतिकशास्त्राचे प्रश्न सोडवून दिले. निदान त्यांची उत्तरं पुस्तकाच्या मागे छापलेली होती.

सकाळी कंप्रेसरच्या खोलीत अण्णांनी मला चहा दिला.

“अण्णा,” मी म्हणाले, “यंत्रं दरवर्षी उत्तरेकडे तोंड करून असतात म्हणे.”

“असत्यात.”

“काल पूर्वेकडे होती.”

“तुझी वायर कमी पडत हुती. खिडकीतनं वीत लावत हुतीस, तेवढं दिसतंय मला अजून. ह्या कंप्रेसरचा बोर्ड बसवाय आलेलं पोरगंबी असंच मागनं वायर लावून बसायचं.”

मी कप खाली ठेवला. “मग सरळ परवानगी का नाही दिलीत?”

“गेल्या नवमीला पूजा झालेली गाडी आबासाहेब बाहेर काढाय लागलं, तवा किल्ली काढून घेतली म्या त्यांच्याकडनं. औंदा तुला सोडलं तर त्यास्नी काय सांगू?” त्यांनी बशीत चहा ओतला. “आन म्या काय म्हनलं? हात लावायचा न्हाय. वायरीचं काय बोललो का?”

“आणि आरत्या?”

“येतात तेवढ्या म्हनल्या. एक दोनदा म्हनली. कुनाच्या ध्यानात आलं न्हाय.” मग त्यांनी विचारलं, “झालं का पर काम?”

“माहीत नाही.”

“रांग पुन्हा रस्त्यावर गेली, तर लोक विक्रांतला न्हाय, मला शिव्या देत्यात. मी दारात असतो.”

“माहीत नाही, अण्णा,” मी पुन्हा म्हणाले. तेवढंच खरं होतं.

आबासाहेब फेटा बांधून आले. विक्रांतदादा त्यांच्या मागे, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत चौकोनी डबा. कॅनवाले दारात थांबलेले होते. आबासाहेबांनी नारळ फोडला, पाटाजवळ आले आणि हाराकडे पाहत थांबले.

“धोंडीराम, हे निळं काय रे?”

“नाडा हाय, साहेब. नव्या यंत्राचा.”

आबासाहेबांनी दोन्ही हात जोडून नाड्याला नमस्कार केला. मग भिंतीवरचं बटण दाबलं.

स्विच घरघरला. असा स्विच जागा व्हायला काही मिनिटं घेतो आणि तोवर त्याचे दिवे कशालाही अर्थ नसल्यासारखे लुकलुकतात. आबासाहेब वाट पाहत उभे राहिले. विक्रांतदादांनी पिशवीची गाठ सोडली.

“काका, वेळ लागतोय तर तोवर मी—”

“थांब जरा,” आबासाहेब म्हणाले.

मी खिडकीपलीकडे गेले, लॅपटॉप उघडला, निळ्या वायरीचं टोक लावलं. शकीलादीदी माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. ओळींमागून ओळी सरकत गेल्या आणि थांबल्या. मी एकदा की दाबली. कोरा असता तर त्याने स्वतःला नुसतं ‘स्विच’ म्हटलं असतं. पडद्यावर रोमन अक्षरांत ‘सूनबाई’ असं आलं.

दीदींनी माझ्या पाठीत गुद्दा घातला.

“काय झालं तिकडं?” अण्णांनी खिडकीतून विचारलं.

“काटे जोडा,” मी म्हणाले.

अण्णांनी माझा कागद पाहून काट्यांच्या आणि ऑफिसच्या पिना स्विचमध्ये घातल्या. पहिला कॅन काट्यावर चढला. ऑफिसात कुणीतरी, सवयीने, गाणी लावली. मी सूनबाईकडून काट्याच्या दिशेने चार छोट्या हाका पाठवायचा हुकूम दिला. हाक पोचली की काटा ओ देतो, आणि ओ किती आल्या ते पडद्यावर दिसतं. आबासाहेब खिडकीत वाकले होते. त्यांच्या शेजारी विक्रांतदादा, पिशवी हातात.

पाठवल्या चार, परत आल्या चार, हरवल्या शून्य.